कान कुठे द्यायचा

४ फेब्रुवारी

चि. सुई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आधी वाईट बातमी सांगून टाकतो, मग गाण्यांचं बोलू. नाहीतर म्हणशील, दादाने नमनालाच घडाभर तेल घातलं.

डावा कान गेला तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की कानाच्या शिरेवर जशी डावीकडे गाठ झाली तशी कधीतरी उजवीकडेही होऊ शकते. ती झाली आहे. गाठ कर्करोगाची नाही, पण मेंदूला टेकली आहे आणि वाढते आहे. काढावीच लागणार, आणि ती काढताना ऐकण्याची शीरही जाणार. म्हणजे ऑपरेशननंतर मी जिवंत असेन आणि ठार बहिरा असेन. बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो. तुझी वहिनी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं तुझं एका कानाने ऐकायचो पण दुसऱ्याने सोडून द्यायची सोय नव्हती, आता दोघेही सुटू. तिला हसू आलं नाही.

तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर माझं एकच मागणं आहे. गाणी पाठव. माझ्याकडची सगळी मला तोंडपाठ आहेत, ती कान गेल्यावरही डोक्यात वाजत राहतील. मला न ऐकलेली हवीत, जितकी साठवता येतील तितकी.

नियम जुनेच. तुला ठाऊक आहेत, पण तू अलीकडे लाडावली आहेस म्हणून पुन्हा सांगतो. चौकातलं गाणं नको. जे न्हाव्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे वाजतं ते आपलं नव्हे. आपल्याला रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं, कंपनीने जागा भरायला घातलेलं, कोणी न विचारलेलं गाणं हवं. प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहायची, कान कुठे द्यायचा. गाणं सुमार असेल तर 'सुमार' एवढा एकच शब्द, त्यापुढे काही नाही. सुमार गाण्याला आपण कान देत नाही. आणि शेवटचा नियम, जगात कशाबद्दलही थाप मारावी, गाण्याबद्दल मारू नये.

आणि ते अर्धं गाणं सापडलं, तर ते ऐकल्याशिवाय मी कोणाला या कानाला हात लावू देणार नाही, एवढं लक्षात ठेव.

लोभ आहेच. कॅसेटमधून तो आणखी वाढवावा.

तुझा
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानातच उघडलं. समोर एक आजोबा अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या डोळ्यांवर चुकीच्या काचा चढवल्या आणि ते बिचारे भिडेखातर सगळं स्वच्छ दिसतं म्हणाले. मग मी मागे काच घासायच्या यंत्राशी जाऊन रडून घेतलं. त्या यंत्राचा आवाज अशा कामाला फार सोयीचा आहे.

रडगाणं पुरे. कॅसेट पाठवते आहे. पहिलं गाणं आपल्या खोकलेकरांचं. ते गाण्याआधी खोकतात म्हणून तू त्यांचं हे नाव ठेवलंस, आता मला त्यांचं खरं नाव घ्यायलाही जड जातं. हे त्यांचं अगदी सुरुवातीचं, गॅरेजमध्ये बसून केलेलं आहे. कान कुठे द्यायचा: दुसऱ्या कडव्यात ड्रमवाल्याच्या हातून एक काडी पडते. फरशीवर पडल्याचं ऐकू येतं. उरलेलं कडवं तो एका हाताने रेटतो आणि गाणं थांबत नाही.

दुसरं तिघी बहिणींचं. कान कुठे द्यायचा: बेस गिटार वाजवणारी शेवटी चुकते आणि चूक सुधारायच्या ऐवजी तीच पुन्हा पुन्हा वाजवते, इतकी, की मग तीच चाल होते.

तिसरं: सुमार.

अर्ध्या गाण्याच्या शोधात मी आहेच. जुन्या रेकॉर्ड विकणारे काका आता मला बघितलं की हात जोडतात. परवा त्यांना मी सगळी हकीगत पुन्हा सांगितली. बाबांचा रेडिओ, आपण दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पाय पसरून बसलेलो, आणि ते गाणं लागलं. दार ठोठावल्यासारखे ड्रम आणि एक माणूस कोणाला तरी हाका मारतोय. भाषा कळत नव्हती, पण हाक कोणत्याही भाषेत हाकच असते. आणि ऐन मध्यावर रेडिओचे सेल उतरले. त्याचा आवाज खोल खोल जात संपला. तू सेल उन्हात ठेवलेस, दातांनी चेपलेस, पण रेडिओ पुन्हा बोलायला लागला तेव्हा बातम्या चालू होत्या. मी त्या दिवशी जेवले नाही. तो माणूस कोणाला बोलावत होता आणि कोणी आलं की नाही, हे मला अजून जाणून घ्यायचंय. काका म्हणाले, बाई, एवढ्या माहितीवर तर पोलीससुद्धा माणूस शोधत नाहीत.

वहिनीला नमस्कार. तुझी तब्येत लिही, विनोद कमी लिही.

लोभाची मागणी करायची गरज नाही, तो माझा हक्क आहे.

तुझी
सुई


२ मार्च

चि. सुई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काडी पडली! दुपारच्या सुट्टीत गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत बसून ऐकलं. पडल्यानंतर तो क्षणभर गडबडतो आणि मग एक हात दोन हातांचं काम करू लागतो. मी ते कडवं इतक्या वेळा मागे नेलं, की फीत झिजेल. तो माणूस माझ्या कामाचा आहे.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. डॉक्टरीणबाई बाहेरगावी गेल्या आहेत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय. आता एप्रिलमध्ये बघू. तोवर तुला सुट्टी नाही.

ऑफिसने मला लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं आहे. पाय जरा घसरला होता, त्याचा बाऊ केला. दिवसभर नट आणि बोल्ट वेगळे करतो. कानात तुझी कॅसेट असते, म्हणून दिवस जातो. तिघी बहिणींची चूक आता माझ्याही हातात बसली आहे, बोल्ट त्याच तालावर डब्यात पडतात.

पुढची कॅसेट लवकर टाक. लोभ कमी झाला तरी चालेल, टपाल चुकता कामा नये.

तुझा
दादा


२५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तारीख पुढे गेल्याचं वाचून मला बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं, आणि तुझ्यापासून काय लपवायचं? एक महिना म्हणजे चार कॅसेट. मी कामाला लागले आहे. चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, डोळे तपासता तपासता, घरी जुन्या रेकॉर्ड आहेत का म्हणून विचारते. एका प्राध्यापकांना वाटलं, की तोही तपासणीचाच भाग आहे.

या खेपेला पाच गाणी आहेत. चौथ्यावर विशेष लक्ष दे. गाणारा म्हातारा आहे, आवाज फाटलेला, आणि गिटार त्याच्यापेक्षा म्हातारी. कान कुठे द्यायचा: शेवटचं कडवं तो विसरतो, आणि लाज न वाटू देता पहिलंच पुन्हा म्हणतो. दुसऱ्यांदा त्याचा अर्थ वेगळाच वाटतो. पुढची कॅसेट अर्धी भरली आहे. त्यात एक असं आहे, की तू उडशील. काय ते सांगत नाही, वाट बघ.

लोभ राहू दे, आणि तारीख जाईल तितकी पुढे जाऊ दे.

तुझी
सुई


१९ एप्रिल

चि. सुई हीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी पाळणाघरात मुलं झोपली असताना लिहिते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. तुमच्या त्या आरडाओरड्याच्या संगीतातलं मला काही कळत नाही आणि भाऊबहिणीच्या मध्ये मी कधी आले नाही. आज यावं लागतं आहे.

डॉक्टरीणबाई कुठेही बाहेरगावी गेल्या नव्हत्या. मार्चची तारीख ह्यांनीच बदलून घेतली. म्हणाले, सुईची कॅसेट वाटेत आहे. एप्रिलचीही ह्यांनीच बदलली. तू लिहिलं होतंस ना, पुढच्या कॅसेटमध्ये एक असं आहे की तू उडशील, वाट बघ. ते पत्र खिशात घालून हे बाईंच्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, अजून दोन आठवडे द्या. बाईंना वाटलं असेल, घरी लग्नकार्य आहे.

पाय घसरला असं तुला लिहिलं असेल. ते शिडीवरून पडले. सरळ चालता येत नाही, भिंतीला धरून न्हाणीघरात जातात. उजवा गाल बधिर झालाय. चहा पिताना ओघळतो आणि त्यांना कळत नाही, मी पदराने पुसते तेव्हा चिडतात. बाई म्हणाल्या, गाठ आता चेहऱ्याच्या शिरेला लपेटते आहे. मार्चमध्ये झालं असतं तर फक्त कान गेला असता. आणखी लांबवलं तर श्वासाची जागा दाबली जाईल, आणि मग काही करता येणार नाही. त्या आता एकच तारीख देणार आहेत, मेमधली. ती मोडली तर दुसरा डॉक्टर शोधा म्हणाल्या.

तू चांगल्या मनाने पाठवतेस, मला माहीत आहे. पण बाई, एकेक गाणं त्यांना मागे ओढतंय. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. पाठवणं बंद कर. कसं ते तू बघ. मला माणूस हवा आहे, बहिरा चालेल.

लोभ ठेव. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस.

तुझी
वहिनी


२७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या कॅसेटवर एकच गाणं आहे. चौकातलं. पुढची सबंध फीत कोरी आहे.

माझ्याकडची गाणी संपली. रेकॉर्डवाल्या काकांनी दुकान आवरतं घेतलं आहे आणि मला कामातून वेळ होत नाही. आता पुढची कॅसेट यायची नाही, तेव्हा तिची वाट बघू नकोस. ऑपरेशन करून घे.

कळावे.

सुई


८ मे

सुईस,
आशीर्वाद.

कॅसेट लावली आणि पहिल्या ठोक्याला कळलं. वाटलं, चेष्टा केली असेल, पुढे काहीतरी दडवलं असेल. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. नुसती सूं सूं. कोरी फीत मी इतक्या आशेने ऐकली आहे, की उद्या त्यातही कान कुठे द्यायचा ते सांगू शकेन.

हे गाणं आमच्या ऑफिसातल्या लिफ्टमध्ये वाजतं. लोक तोंडं वर करून मजल्यांचे आकडे बघतात तेव्हा वाजतं. मला शेवटचं म्हणून तू हे पाठवलंस. कामातून वेळ होत नाही म्हणतेस. बरोबर आहे, जगात डोळे अधू असलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांना चष्मे लागतात. बहिऱ्याच्या पुढे कोणी किती काळ बासरी वाजवावी?

मला वाटलं होतं, की बाकी सगळे कंटाळले तरी तू कंटाळणार नाहीस. असो. वहिनीला सांगितलं, बाईंना कळव. २२ तारखेला आहे. ताटकळत बसायला आता माझ्याकडेही काही नाही.

लोभ होता.

दादा


२१ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, उद्या ऑपरेशन. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि सांगण्यासारखं तुझ्याशिवाय कोणी नाही.

ते अर्धं गाणं गेल्या आठवड्यात सापडलं. दैवाची थट्टा बघ. एका बंद पडलेल्या हॉटेलातला रेकॉर्डचा गठ्ठा काकांकडे आला, त्यात होतं. काकांनी मला दुकानातून बोलावून घेतलं आणि रेकॉर्डवर सुई टेकवली. पहिल्या ठोक्याला मी ओळखलं. मग ती हाक. मग आमचे सेल उतरले होते ती जागा आली, आणि वहिनी, गाणं पुढे चालू राहिलं.

एकेक करून सगळी वाद्यं गळत जातात. शेवटी एकटा तो माणूस हाक मारतो आणि थांबतो. कितीतरी वेळ काहीच नाही, मला वाटलं रेकॉर्ड संपली. आणि मग लांबून, जणू घराच्या दुसऱ्या टोकाकडून, एक बाई ओ देते. एकदाच. तेवढ्यावर गाणं संपतं. मी काकांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, की त्याला कोणीच ओ दिली नाही.

आज मी दवाखान्यात फोन केला होता. तू दादाला धरून फोनपाशी आणलंस ना, तेव्हा मी काकांच्या दुकानात होते. रेकॉर्ड फिरत होती, रेकॉर्डची सुई माझ्या बोटांत होती. नुसती खाली सोडायची होती. पण दादाला मी ओळखते. फोनच्या त्या खरखरीतून त्याने अर्धं ऐकलं असतं आणि म्हणाला असता, असं नाही, नीट ऐकू दे, पुढच्या आठवड्यात करा म्हणावं बाईंना. आणि बाईंनी पुन्हा तारीख दिली नसती. म्हणून मी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, उपाशी ठेवलंय. मी म्हटलं, बरं. एवढंच बोलणं झालं. त्याच्या कानाने ऐकलेला माझा शेवटचा शब्द 'बरं' आहे.

मी बरोबर केलं की नाही, मला सांगू नकोस. फक्त तो जगला की कळव.

लोभ असू दे, त्याची आता मला फार गरज आहे.

तुझी
सुई


१४ जून

चि. सुई हीस,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेलच. ते जगले. आता सविस्तर लिहिते.

परवा घरी आणलं. ऐकणं गेलं ते जाणारच होतं. चेहऱ्याची शीर बाईंना वाचवता आली नाही. उजवी बाजू ओघळली आहे आणि उजवा डोळा मिटत नाही, झोपेतही उघडा राहतो. मी त्याला औषधाचे थेंब घालून वर पट्टी लावते. डोळा कोरडा पडून त्यावर पांढरं आलंय, त्याचं काय होईल ते बाई आत्ताच सांगत नाहीत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ओरडून बोलतात, पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं. मी पाळणाघरातून एक पाटी आणली आहे. मला जे म्हणायचं ते मी तिच्यावर लिहिते, ते वाचतात आणि पुसून टाकतात.

तुझं नाव काढलं की तोंड फिरवतात. म्हणतात, ऐन वेळी तिने अंग काढून घेतलं. दिवसातून दोनदा तरी म्हणतात. मी पाटी उपडी ठेवून स्वयंपाकघरात जाते. तुझं पत्र डब्यात दडवलं आहे. तू मला वचनात बांधलेलं नाहीस, पण गप्प बसायचं तर आधी मीच तुला सांगितलं होतं. त्यांनी तुला बोल लावलेला मला किती दिवस सोसेल, ते सांगता येत नाही.

काचांचं तुला कळतं. उघड्या डोळ्याला वारा लागणार नाही असा, बाजूने झाकलेला चष्मा करता येत असेल तर बघ. तुझ्याकडून आला असं सांगणार नाही.

लोभ ठेव, आणि स्वतः जेवत जा.

तुझी
वहिनी


३ जुलै

सुई,

चष्मा मिळाला. काल मी पुन्हा तुला बोल लावला, तेव्हा वहिनीने पाटी माझ्या मांडीवर आपटली आणि लिहायला लागली. एक पाटी भरली, पुसली, दुसरी भरली, पुसली. तिने सगळं सांगितलं. तिने तुला लिहिलेलं, तुला गाणं सापडलेलं, फोन. लिहिता लिहिता तिच्या हातातला खडू मोडला. गाण्यात काय होतं, ते मात्र तिला लिहू दिलं नाही. ते तिच्याकडून नको.

मला राग आला आहे. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. तुमच्या दोघींमुळे मी जिवंत आहे, हे कळण्याइतकी अक्कल अजून शाबूत आहे. तारखा मी मोडल्या, तोंड माझ्यामुळे वाकडं झालं, तेही कळतं. पण तुझ्या हातात सुई होती आणि मी पलीकडे फोन धरून उभा होतो. फक्त एकदा. तू मला विचारायला हवं होतंस. मी नाही म्हणालो असतो की हो, ते माझं मला ठरवू द्यायला हवं होतंस.

दिवसभर मी खिडकीशी बसतो आणि पहिलं अर्धं डोक्यात वाजवतो. सेल उतरायची जागा येते आणि तिथे थांबतो. पुढे मी स्वतःच जोडून बघतो. दर वेळी वेगळं जोडतो आणि कुठलंच खरं वाटत नाही. असं किती वर्षं करायचं?

म्हणून एकच विचारतो. गाणं कसं आहे? नियम लक्षात आहे ना? गाण्याबद्दल थाप मारायची नाही.

दादा


१० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलास ते बरोबर आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

गाणं सुमार आहे.

लहानपणी आपण उगाच डोक्यावर घेतलं होतं. पहिलं अर्धं तू ऐकलंस तेवढंच काय ते बरं. पुढे नवीन असं काही येत नाही, तेच तेच ओढलं आहे. वाद्यं कमी कमी होत जातात, बहुधा त्यांच्याकडे वाजवणारे कमी असावेत. कान कुठे द्यायचा: शेवटच्या हाकेनंतर सगळं थांबतं, तिथे. बाकी सोडून दे. तू काही गमावलं नाहीस. काकांनासुद्धा विशेष वाटलं नाही.

चष्म्याची उजवी कड टोचत असेल तर परत पाठव, घासून देते. थेंब चुकवू नकोस. मी पुढच्या महिन्यात रजा काढून येते. नको म्हणालास तरी येते, वहिनीपाशी बसेन.

लोभ परत मिळावा, ही विनंती.

तुझी
सुई


१८ जुलै

चि. सुई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. उजव्या डोळ्याने आता नुसता उजेड दिसतो, डाव्यावर सगळा भार आहे, म्हणून सावकाश वाचलं.

सुमार, असं लिहिलंस. आजवर आपण सुमार गाण्यापुढे दुसरा शब्द लिहिला नाही. तू पुढे एवढं लिहिलंस, आणि मध्येच कान कुठे द्यायचा तेही सांगून बसलीस. हाताला सवय झाली आहे, हात काय करणार. तुला थापा कधी मारताच आल्या नाहीत. लहानपणीसुद्धा बरणी फुटली की आधी तुकडे कुठे लपवलेत तेच सांगायचीस.

तुझी ती एक ओळ वाचली आणि खिडकी लावून घेतली, का ते मला माहीत नाही, आवाजाचा त्रास मला आता थोडाच आहे. वहिनीला म्हटलं जरा गप्प राहा. ती गप्पच होती. मग पहिलं अर्धं डोक्यात लावलं, सेल उतरायची जागा ओलांडली, एकेक वाद्य काढून टाकलं, त्याला शेवटची हाक मारू दिली आणि तू म्हणालीस तिथे कान दिला.

काही ऐकू आलं नाही. पुष्कळ वेळ बसलो होतो.

तिथे कोणीतरी ओ देतं. हो ना? कोण, ते सांग. बाई असेल तर तिचा आवाज जाड की बारीक, लांबून येतो की दाराशी येऊन, आणि किती वेळाने. आता खरं लिही, पहिल्या ठोक्यापासून, काही गाळू नकोस. आणि मोठ्या अक्षरात लिही, तुमच्या त्या तक्त्याच्या वरच्या ओळीसारखं.

राग गेलेला नाही. लोभही गेलेला नाही. दोन्ही घेऊन ये.

तुझा
दादा